छोटा डेस्कटॉप आत्ता घेऊ की थांबू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीत कोणालाही कॉम्प्युटर घ्यायचा असला की मेसेज मला येतो आणि दहातले आठ प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी काही इंजिनीअर वगैरे नाही, असले छोटे डबे उघडून बघायची खोड आहे इतकंच. विषय फक्त छोट्या डेस्कटॉपचा, म्हणजे मॅक मिनी, मिनी पीसी, ऑफिसात मॉनिटरच्या पाठीमागे लटकवलेले ते चपटे डबे. मोठा कॅबिनेट असेंबल करणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांना एकेक पार्ट नंतर बदलता येतो, आपल्याला बहुतेक वेळा नाही, आणि सगळी गोची तिथेच आहे.

आधी थोडक्यात सांगा, घेऊ की थांबू?

जुना कॉम्प्युटर बंद पडलाय किंवा त्याच्यामुळे रोजचं काम अडतंय, तर घ्या. जुना नीट चालतोय आणि नुसतं नवीन हवंसं वाटतंय तर थांबा, काही बिघडत नाही. पण थांबायचं म्हणजे कशासाठी आणि कधीपर्यंत हे दोन्ही सांगता आलं पाहिजे. "बघू पुढे काय येतंय" याला मी टाळाटाळ म्हणतो, त्यात दोन वर्षं कशी निघून जातात कळतसुद्धा नाही.

आणि एक गोष्ट जी खाली परत परत येईल, ती म्हणजे छोट्या डब्यात चिप कोणती यापेक्षा मेमरी, म्हणजे रॅम, किती घेतली यावर तो किती वर्षं टिकेल ते ठरतं. लोक चिपच्या नावासाठी सहा महिने थांबतात आणि घ्यायची वेळ आली की रॅम सगळ्यात कमीवाली घेतात. मला विचाराल तर हे अगदी उलटं करायला पाहिजे.

पण नवीन मॉडेल कधी येणार हे आधी कळत नाही का?

नाही हो. मॅक मिनीचंच बघा. २००५ च्या जानेवारीत पहिला आला, मग वर्ष-दोन वर्षांनी नवीन येत गेला, आणि २०१४ चा आल्यावर एकदम सामसूम. पुढचा आला थेट २०१८ च्या शेवटी. चार वर्षं! २०१६ मध्ये "आता येईलच" म्हणून जो थांबला त्याने अजून दोन वर्षं काढली.

त्याहून मजा पुढे झाली. २०२० च्या नोव्हेंबरात अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम१ चिपवाला मिनी आला, २०२३ च्या जानेवारीत एम२, आता यानंतर एम३ येणार हे शेंबडं पोरही सांगेल, म्हणून लोक थांबले. एम३ मिनी आलाच नाही. अ‍ॅपलने मिनीपुरता तो नंबरच गाळला आणि २०२४ च्या ऑक्टोबरात सरळ एम४ जाहीर केला. जे थांबले त्यांचं नशीब चांगलं म्हणायचं, कारण तो खरंच मोठा बदल होता, डबा १९.७ सेंटीमीटरवरून १२.७ वर आला आणि बेसिक मॉडेलमध्ये ८ च्या जागी १६ जीबी रॅम आली. पण दर वेळी असं होत नाही. २०१२ च्या मिनीत चार कोरचा प्रोसेसर मिळायचा आणि रॅम स्वतः बदलता यायची, २०१४ च्या "नवीन" मॉडेलमधून चार कोरचा पर्यायच गायब आणि रॅम बोर्डावर सोल्डर केलेली. म्हणजे दोन वर्षं थांबणाऱ्याच्या पदरात आधीपेक्षा कमीच पडलं.

विंडोजवाल्या बाजूला तर अजून वेगळं. इंटेलचे न्यूक नावाचे छोटे डबे दहा वर्षं चालले, बऱ्याच जणांना वाटायचं हे कायमच असणार, आणि २०२३ च्या जुलैमध्ये इंटेलने सांगितलं की आम्ही आता यात पैसे घालणार नाही. पुढे ते एसूसने चालवायला घेतलं म्हणून नाव टिकलं.

अफवा तर रोज येतात, त्यांचं काय करायचं?

वाचायच्या, करमणूक होते. पण अफवेवर खरेदी ठरवू नका. कंपन्या आधी का सांगत नाहीत यालाही कारण आहे. १९८१ मध्ये ऑस्बोर्न नावाच्या कंपनीने उचलून नेता येईल असा कॉम्प्युटर काढला होता, चांगला खपतही होता, मग पुढचं मॉडेल यायच्या आधीच त्याची जाहिरात झाली, लोकांनी जुनं घेणं थांबवलं, आणि १९८३ च्या सप्टेंबरात कंपनीचं दिवाळं निघालं. कारणं अजूनही होती म्हणतात, पण "ऑस्बोर्न इफेक्ट" हा शब्द तेव्हापासून चिकटला तो चिकटलाच. तेव्हापासून सगळे तोंड शिवून बसतात, म्हणजे अधिकृतपणे.

माझा नियम साधा आहे. वस्तू जाहीर झाली असेल आणि विक्रीची तारीख दिली असेल तर जरूर थांबा, तेवढे आठवडे काय, निघतात. नुसती बातमी असेल तर ती वस्तू नाहीच असं धरून चालायचं.

थांबलं की किंमत उतरतेच ना? इलेक्ट्रॉनिक्स तर स्वस्तच होत जातं

हा प्रश्न पाच वर्षांपूर्वी विचारला असता तर मी हो म्हटलं असतं, कारण साधारण तसंच असायचं, वर्षभर थांबा, तेवढ्याच पैशात जास्त मिळेल. पण हे सगळ्या पार्टांना सारखं लागू नाही आणि मेमरीला तर अजिबात नाही. रॅमचा बाजार हा पाळण्यासारखा आहे, वर जातो खाली येतो. २०१७-१८ ला रॅम महागली, २०१९ ला उतरली, २०२२-२३ ला तर एवढी पडली की कंपन्या तोट्यात गेल्या आणि त्यांनी उत्पादन कमी केलं. मग एआयची लाट आली.

आता यात झालं काय, ते थोडं सविस्तर सांगतो कारण हे कळलं की पुढचं सगळं कळतं. रॅमच्या चिप्स बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरला एचबीएम नावाची मेमरी लागते, म्हणजे चिप्सचे थर एकावर एक रचलेले असतात, आणि ती विकली की पैसा आपल्या साध्या रॅमपेक्षा कितीतरी जास्त सुटतो. कारखाना तोच, सिलिकॉनच्या चकत्या त्याच, मग कंपनी काय बनवणार? त्यातच डीडीआर४ (रॅमची जुनी पिढी, नवी ती डीडीआर५) चं उत्पादन आवरतं घेतलं, त्यामुळे २०२५ च्या मध्यापासून जुनी रॅमही महागायला लागली आणि वर्ष संपता संपता डीडीआर५ चे भाव तर काही महिन्यांत दुप्पट आणि त्याच्याही पुढे गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशल हा आपल्यासारख्या गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं, जवळपास तीस वर्षं जुना ब्रँड. आणि नवीन कारखाना काढायचा म्हणजे काही वर्षांचं काम, तो काही दोन महिन्यांत उभा राहत नाही. एसएसडीच्या, म्हणजे फाइली साठवणाऱ्या डिस्कच्या, चिप्सही याच वाटेने चालल्यात.

म्हणून "थांबा, स्वस्त होईल" हे वाक्य आत्ता मी कोणाला सांगत नाही. उतरेल का? आजवरचा इतिहास बघता कधीतरी उतरेलच. पण कधी, यावर पैज लावू नका. २०११ मध्ये थायलंडला पूर आला आणि हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले, तेव्हा सगळे म्हणत होते पाणी ओसरलं की भाव उतरतील. पाणी लवकर ओसरलं, भाव उतरायला कितीतरी जास्त वेळ लागला.

मग रॅम किती घेऊ?

१६ जीबी, आणि बहुतेक लोकांचा प्रश्न इथेच संपतो. ब्राउझर, ऑफिसची कामं, व्हिडिओ कॉल, फोटो, थोडंफार एडिटिंग याला १६ पुरते. आठ जीबीचा नवीन डबा आत्ता घेऊ नका, कितीही आकर्षक ऑफर असली तरी नको, मी स्वतः एकदा हा शहाणपणा केलाय. रॅम सोल्डर केलेली आहे हे घेताना बघितलंच नाही, म्हटलं नंतर टाकू अजून आठ, घरी आणून पाठीमागचे चार स्क्रू काढले तर आत स्लॉटच नाही. तीन वर्षं त्या डब्यावर एकाच वेळी किती टॅब उघडायचे याचं रेशनिंग करत काढली.

३२ कोणाला? जे व्हर्च्युअल मशीन चालवतात, मोठे प्रोजेक्ट कंपाइल करतात, ४के व्हिडिओ नियमित कापतात, किंवा ज्यांना हा डबा सात-आठ वर्षं वापरायचाय आणि रॅम नंतर वाढवता येणार नाहीये त्यांना.

स्लॉट असलेला मिनी पीसी असेल तर एक गोष्ट बघा, रॅमची एकच पट्टी लावलीय की दोन. छोट्या डब्यात वेगळं ग्राफिक कार्ड नसतं, ग्राफिक्सही तीच रॅम वापरतं, त्यामुळे १६ ची एक पट्टी आणि ८ च्या दोन यात गेम किंवा एडिटिंग करताना फरक चांगलाच जाणवतो. नुसतं ईमेल आणि एक्सेल असेल तर नाही जाणवत.

पूर्वी तुम्हीच सांगायचात की रिकामा डबा घ्या आणि रॅम, एसएसडी स्वतः टाका, ते अजून खरं का?

सांगायचो, आणि तेव्हा बरोबर होतं. बेअरबोन घ्यायचा, सेलमध्ये रॅम उचलायची, चांगले पैसे वाचायचे. आता गणित फिरलंय, कारण सुटी रॅम महागलीय आणि मोठ्या कंपन्यांकडे आधीच्या भावाने घेतलेला माल असतो, त्यामुळे कित्येकदा रॅमसकट तयार डबा स्वस्त पडतो. दोन्ही बेरजा कागदावर करून बघा, सवयीने जाऊ नका. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली डीडीआर४ ची पट्टी कपाटात पडून असेल तर मात्र तो रिकामा डबा तुमच्यासाठीच आहे, फक्त डीडीआर४ वाला बघा, डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये ती बसत नाही.

स्टोरेज?

विंडोज असो वा मॅक, २५६ मध्ये भागतं, पण कायम जागा आवरत बसावं लागतं. ५१२ बरं. मॅकमध्ये रॅमसाठी जास्त पैसे द्या, स्टोरेज बाहेरून यूएसबीची एसएसडी लावून वाढवता येतं, डेस्कटॉप आहे, जागचा हलत नाही, त्यामुळे लोंबकळणारी वायर त्रास देत नाही. एक जुनी खोच सांगतो, एम२ मिनीच्या २५६ जीबीवाल्या मॉडेलमध्ये स्टोरेजची एकच चिप होती त्यामुळे त्याचा स्पीड आधीच्या एम१ पेक्षा जवळपास निम्मा होता, म्हणजे नवीन मॉडेल जुन्याहून स्लो. सेकंडहँड एम२ बघताय तर हे लक्षात असू द्या.

नंबर मोठा म्हणजे चिप नवीन, बरोबर?

चूक, आणि इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. एएमडीचा रायझन ७ ७७३०यू घ्या. नाव ऐकून ७००० सिरीज म्हणजे झेन ४ (झेन म्हणजे एएमडीच्या चिपची आतली रचना, पुढे पिढीचा नंबर) असणार असं वाटतं, पण आत झेन ३ आहे, आधीच्या ५८२५यू चंच नवं बारसं. खूण त्यांनीच नंबरात लपवली होती, ७००० सिरीजच्या लॅपटॉप चिप्समध्ये तिसरा आकडा आर्किटेक्चर सांगतो, ७७३० मधला ३ म्हणजे झेन ३, ७८४० मधला ४ म्हणजे झेन ४. मिनी पीसीत याच लॅपटॉपच्या चिप्स असतात म्हणून हे आपल्याही कामाचं. ८८४५एचएस आणि ७८४०एचएस हे पण जवळजवळ जुळे भाऊ. इंटेलच्या एन१०० नंतर एन१५० आला, फरक इतका थोडा की स्टॉपवॉच लावूनच कळेल.

याचा आपल्या प्रश्नाशी संबंध असा की "पुढची सिरीज येऊ दे" म्हणून थांबलात तर पुढच्या सिरीजमध्ये हीच चिप नवीन स्टिकर लावून येण्याची शक्यता भरपूर आहे. आणि उलटं, जुन्या नंबरचा माल स्टॉक संपवायला कोणी काढला तर बिनधास्त घ्या.

माझा जुना डबा विंडोज १० वर आहे, त्याचं काय?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चालायचा तो चालतोय, पण सिक्युरिटी अपडेट बंद. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वर्षभराची वाढीव मुदत दिलीय, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन नोंदणी करावी लागते. म्हणजे तुम्हाला थांबायचंच असेल तर ही तारीख आयती मिळालीय.

नवीन घ्यायच्या आधी मात्र एक बघा. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे साधारण २०१८ नंतरचं मशीन, आणि टीपीएम २.० नावाची सिक्युरिटीची सोय लागते. बऱ्याच मशीनमध्ये टीपीएम असतं पण बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेलं असतं. एका ओळखीच्या काकूंचा कॉम्प्युटर "अकराला चालत नाही" म्हणून भंगारात निघाला होता, बायोसमध्ये एक पर्याय ऑन केला, झालं काम. प्रोसेसर खरंच जुना असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकून बघा, ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्येच चालतं त्यांना दोन दिवसांनी फरकही आठवत नाही.

आणि जुना इंटेलवाला मॅक मिनी?

२०१८ चा असेल तर तो मॅकओएसच्या सेकोया व्हर्जनवर थांबला, पुढचं टाहो त्यावर चढत नाही. अ‍ॅपलने २०२५ च्या जूनमध्ये स्पष्टच सांगितलं की इंटेल मॅकसाठी टाहो हे शेवटचं मोठं व्हर्जन, आणि तेही मोजक्याच मॉडेलना. इथे थांबण्यात मला अर्थ दिसत नाही. उलट इंटेलवरून येणाऱ्याला कुठलाही एम सिरीजचा मिनी, अगदी एम१ सुद्धा, एवढा वेगळा वाटतो की पुढचा नंबर कोणता याने काही फरक पडत नाही. सेकंडहँड इंटेल मॅक कोणी गळ्यात मारत असेल तर नमस्कार करून निघा.

ऑफिसातून निघालेले रिफर्बिश्ड छोटे डबे कसे?

माझ्या मते सध्याच्या महागाईत हा सगळ्यात दुर्लक्षित पर्याय आहे. लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलिटडेस्क मिनी, या तिघांना मिळून एक लिटरवाले डबे म्हणतात कारण आकारमान साधारण तेवढंच. कंपन्या ते लीजवर घेतात, तीन-चार वर्षांनी एकदम शेकड्याने परत करतात, आणि ते बाजारात येतात. आत रॅमचे स्लॉट, एसएसडीचा स्लॉट, बदलता येणारा वायफाय, सगळं उघडायला एक-दोन स्क्रू. आठव्या पिढीच्या पुढचा घ्या म्हणजे विंडोज ११ चा प्रश्न मिटतो. आणि सगळ्यात मोठा मुद्दा, त्यात रॅम आधीच असते, महागाईच्या आधीची!

घेताना तीन गोष्टी तपासा. अ‍ॅडॉप्टर सोबत आहे का, कारण प्रत्येक कंपनीची पिन वेगळी आणि काही डबे दुसऱ्या कंपनीचा किंवा कमी वॅटचा लावला की रुसून स्लो चालतात, मला एका विक्रेत्याने अ‍ॅडॉप्टरशिवायच पाठवला होता, मग तो शोधण्यात आठवडा गेला. बायोसला पासवर्ड टाकलेला नाही ना, जुन्या कंपनीने टाकलेला असला तर तो काढणं म्हणजे डोक्याला ताप. आणि एसएसडीची तब्येत किती टक्के उरलीय, फुकट मिळणाऱ्या कुठल्याही टूलने दिसते.

ऑनलाइन दिसतात ते अनोळखी नावांचे स्वस्त मिनी पीसी घेऊ का?

हार्डवेअर बऱ्याचदा ठीक असतं. एन१०० सारखी चिप फक्त सहा वॅटच्या हिशोबाने बनवलीय, चार छोटे कोर, त्यामुळे टीव्हीला लावायला, फाइल ठेवायला, मुलांच्या अभ्यासाला पुरतो. पण २०२४ मध्ये काही मिनी पीसींमध्ये फॅक्टरीतूनच आलेला मालवेअर सापडला होता, म्हणून माझा कडक नियम, डबा हातात आला की आधी सगळं पुसायचं, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज नव्याने टाकायचं, मग पासवर्ड बिसवर्ड. बायोसचे अपडेट पुढे मिळतील अशी आशा ठेवू नका.

एआयसाठी खास चिप येतेय म्हणून थांबू का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मिसळू नका. एक म्हणजे एनपीयू, चिपमधला एआयच्या कामासाठीचा भाग. मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या मेमध्ये कोपायलट प्लस पीसीची टूम काढली, त्याला ४० टॉप्सचा, म्हणजे सेकंदाला ४० लाख कोटी गणितं करणारा, एनपीयू लागतो. त्यावर आज जे चालतं त्यातलं तुमचं अडलंय का काही? माझं तरी नाही. आणि चॅटवाले एआय तर सर्व्हरवर चालतात, त्यांना तुमच्या डब्यात काय आहे याच्याशी देणंघेणं नाही.

दुसरी म्हणजे स्वतःच्या मशीनवर मॉडेल चालवणं. हे ज्यांना खरंच करायचंय त्यांनी टॉप्सचा आकडा सोडा, मेमरी किती आणि मेमरीचा स्पीड किती हे बघा. ४-बिटवर आणलेलं, म्हणजे दाबून लहान केलेलं, ८ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल पाचेक जीबीत बसतं, ७० अब्जवालं ४० जीबीच्या आसपास जातं. आणि प्रत्येक शब्द, खरं तर शब्दाचा तुकडा, काढताना जवळजवळ पूर्ण मॉडेल मेमरीतून वाचावं लागतं. एम४ चा मेमरी स्पीड सेकंदाला १२० जीबी, एम४ प्रोचा २७३, एएमडीच्या रायझन एआय मॅक्स प्लस ३९५ चा २५६. भागाकार करा, ४० जीबीच्या मॉडेलला एम४ प्रो फार तर सेकंदाला सहा-सात तुकडे देईल, साधा एम४ तीन, आणि ते पण एवढी रॅम असली तर. हा भागाकार केल्यावर अर्धे लोक विचार सोडून देतात आणि ते बरंच आहे. त्या एएमडीच्या चिपवर १२८ जीबीपर्यंत मेमरी मिळते पण तीही सोल्डर केलेली, स्लॉट लावला तर तो स्पीड मिळत नाही म्हणून. छोट्या डब्यात वेग हवा तर बदलण्याची सोय सोडावी लागते, हे असं आहे.

गेम खेळता येतील का?

हलके आणि जुने, हो. नवीन मोठे गेम फुल सेटिंगवर, नाही, आणि पुढच्या वर्षीच्या छोट्या डब्यावरही नाही, म्हणून त्यासाठी थांबू नका. मोठा कॅबिनेट किंवा कन्सोल घ्या.

रास्पबेरी पायवर भागेल?

पाय म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर, त्यातल्या पाय ५ वर ब्राउझिंग आणि लिहिणं होतं. पण केस, अ‍ॅडॉप्टर, कूलर, स्टोरेज सगळं वेगवेगळं घेऊन बेरीज केलीत की रिफर्बिश्ड डबा समोर उभा राहतो आणि तो जास्त काम करतो. पाय हा इलेक्ट्रॉनिक्सचे उद्योग करणाऱ्यांनी घ्यावा, घरच्या मुख्य कॉम्प्युटरसाठी नको.

थंडरबोल्ट ५, वायफाय ७ येऊ दे, मग घेऊ?

तुमच्याकडे आत्ता यातलं काय लावायला आहे? थंडरबोल्ट ४ हा वेगवान पोर्ट सेकंदाला ४० गिगाबिट देतो, ५ त्याच्या दुप्पट, पण त्याचा फायदा घेईल अशी डिस्क विकत घेणारा माणूस मला हा प्रश्न विचारत नाही. वायफाय ७ ला राउटरही ७ चा लागतो. आणि डेस्कटॉप आहे, शक्य असेल तर सरळ लॅनची वायर जोडा की.

वीज आणि आवाज?

इथे छोटे डबे जिंकतात. एम४ मिनी नुसता चालू असताना अ‍ॅपलच्या आकड्याप्रमाणे चारेक वॅट खातो, तुमचा मॉनिटर त्याच्या कितीतरी पट खात असेल. आवाजाचं मात्र एकच सूत्र नाही. छोटा फॅन जोरात फिरला की किरकिरतो, त्यामुळे छोट्या डब्यात मोठ्या वॅटची चिप कोंबलेली असली की सावध व्हा. ऑफिसच्या डब्यांमध्ये इंटेलच्या ज्या नंबरांच्या शेवटी टी असतो त्या ३५ वॅटच्या चिप्स, त्या शांत. कपाटात बंद करून ठेवू नका, वर फाइली रचू नका, वर्षातून एकदा धूळ काढा.

घेतला आणि महिन्याभरात नवीन आला तर?

येईलच कधीतरी. परत करायची मुदत किती दिवस आहे ते घेतानाच विचारून ठेवा आणि तेवढे दिवस खोका फेकू नका. मुदत टळल्यावर मग त्या बातम्या वाचणं बंद करा, खरंच सांगतोय. तुमचा डबा काल जेवढा वेगात चालत होता तेवढाच आज चालतोय.

ठरलं, थांबतोय. तोपर्यंत जुन्याचं काय करू?

जुन्यात फिरणारी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका, याच्याइतका फरक कशानेच पडत नाही, अगदी महागलेल्या भावातही. स्टार्टअपला आपोआप उघडणारे प्रोग्राम बंद करा. उघडून धूळ काढा. आणि बॅकअप घ्या, आजच घ्या, कारण थांबलेल्या लोकांचं मशीन नेमकं नवीन यायच्या आठवडाभर आधी जातं असा माझा अनुभव आहे. हे करून जुना परत पळायला लागला तर मला मेसेज करू नका, वापरा मजेत.

डबा घेतला की झालं ना, अजून काही लागतं?

लागतं! मिनीच्या खोक्यात कीबोर्ड, माउस, मॉनिटर काही नसतं, आणि एम४ मिनीला जुन्या चौकोनी यूएसबीचा एकही पोर्ट नाही, सगळे टाइप-सी, त्यामुळे तुमचा जुना कीबोर्ड, पेनड्राइव्ह, प्रिंटर लावायला हब लागेल. स्पीकरही आतला म्हणजे नुसता नावाला. वेबकॅम नाही. मिनी पीसीसोबत मॉनिटरच्या पाठीमागे लावायची पट्टी बऱ्याचदा येते, ती टाकून देऊ नका. आणि एम४ मिनीचं पॉवर बटण शोधत बसू नका, ते खाली बुडाशी आहे, डबा जरा उचलावा लागतो.